ड्रॉप ट्यूनर (बेस गिटार)

ड्रॉप ट्यूनर ही बेस गिटारच्या माथ्यावर (हेडस्टॉकवर) बसवली जाणारी एक विशेष प्रकारची खुंटी आहे. नेहमीच्या खुंटीप्रमाणे तिने तार जुळवता येते. त्याशिवाय तिला जोडलेली एक तरफ फिरवली की तीच तार आधी ठरवून ठेवलेल्या खालच्या स्वरावर क्षणार्धात उतरते आणि तरफ पूर्ववत केली की मूळ स्वरावर परत येते. चार तारांच्या बेस गिटारमध्ये ही खुंटी सामान्यतः सर्वांत जाड, म्हणजे ‘ई’ तारेसाठी वापरतात व ती तार ‘डी’ स्वरावर उतरवतात. या जुळणीला ‘ड्रॉप डी’ असे म्हणतात. ‘डी-ट्यूनर’, ‘डीट्यूनर’ आणि ‘एक्स्टेंडर’ या नावांनीही हे साधन ओळखले जाते.

## पार्श्वभूमी

चार तारांच्या बेस गिटारची रूढ जुळणी खालून वर ई, ए, डी, जी अशी असते. या तारांची कंपनसंख्या अनुक्रमे ४१.२०, ५५.००, ७३.४२ आणि ९८.०० हर्ट्झ असते. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘प्रिसिजन बेस’ या वाद्याने ही जुळणी आणि ३४ इंचांची (सुमारे ८६४ मिमी) तारेची लांबी रूढ केली. जुळणी मात्र त्याआधीपासून डबल बेस या उभ्या वाद्यावर प्रचलित होती.

‘ई’ हा या जुळणीतील सर्वांत खालचा स्वर असल्याने ‘डी’ किंवा ‘ई फ्लॅट’ या स्वरांत बांधलेल्या रचनेचा आधारस्वर मोकळ्या तारेवर मिळत नाही, तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील डबल बेसवादकांपुढेही हीच अडचण होती. त्यावर माथ्याच्या वर वाढवलेली पट्टी बसवून खालची तार ‘सी’पर्यंत नेणारे ‘सी एक्स्टेन्शन’ आणि पाच तारांचा डबल बेस असे दोन उपाय रूढ झाले. बेस गिटारच्या क्षेत्रात अँथनी जॅक्सन यांनी १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन यांच्याकडून सहा तारांचे वाद्य करवून घेतले. त्यानंतर खालची ‘बी’ तार असलेली पाच तारांची वाद्ये पुढे आली. चारच तारांचे वाद्य कायम ठेवून खालचे एकदोन स्वर मिळवण्याचा मार्ग म्हणून ड्रॉप ट्यूनरचा प्रसार झाला.

## इतिहास

वाजवत असतानाच तारेचा स्वर नेमकेपणाने बदलणाऱ्या खुंट्यांचा वापर प्रथम बँजो या वाद्यावर ठळकपणे झाला. अमेरिकेतील बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी आपल्या वाद्यावर जादा कॅम बसवून वादनातच तार चढवण्या-उतरवण्याची शैली लोकप्रिय केली. १९६० च्या दशकात बिल कीथ आणि डॅन बम्प यांनी वरचा व खालचा असे दोन्ही थांबे खुंटीच्या आतच सामावणारी रचना तयार केली. ती ‘कीथ ट्यूनर’ या नावाने ओळखली जाते.

बेस गिटारसाठी हे तत्त्व व्यापारी स्वरूपात आणण्याचे श्रेय मुख्यतः डेव्हिड बोरिसॉफ यांना दिले जाते. न्यूयॉर्क राज्यातील त्यांच्या ‘हिपशॉट’ कंपनीने १९८० च्या दशकात ‘बेस एक्स्टेंडर’ ही खुंटी प्रचारात आणली. बिली शीहन यांच्या नावाने निघालेल्या यामाहाच्या ‘ॲटिट्यूड’ या बेस गिटारवर अशी खुंटी मुळातच बसवलेली असते. मायकेल मॅनरिंग यांनी ही कल्पना आणखी पुढे नेली. जो झॉन यांच्यासह तयार केलेल्या ‘हायपरबेस’ या त्यांच्या वाद्यात प्रत्येक तारेची जुळणी वादन चालू असताना बदलता येते.

## रचना व कार्य

साध्या मशीन हेडमध्ये किल्लीला जोडलेला सर्पिल दांडा (वर्म) आणि त्यात अडकणारे दातेरी चाक असते. चाक ज्या दांड्यावर बसवलेले असते, त्यालाच तार गुंडाळतात. या रचनेत किल्लीने दांडा फिरतो, पण तारेच्या ताणाने किल्ली उलट फिरत नाही. जुळवलेली तार जागेवर टिकते ती यामुळे.

ड्रॉप ट्यूनरमध्ये याच रचनेला एक दुसरा टप्पा जोडलेला असतो. तरफ बंद असताना यंत्रणा एका पक्क्या थांब्याला टेकलेली असते आणि खुंटी साध्या मशीन हेडप्रमाणे काम करते. तरफ उघडली की तारेच्या स्वतःच्या ताणाने दांडा ठरावीक अंशाने मागे फिरतो व दुसऱ्या थांब्याला टेकून थांबतो. हा दुसरा थांबा एका लहान स्क्रूने पुढेमागे करता येतो आणि त्याच्या जागेवरून उतरलेला स्वर ठरतो. अशा प्रकारे वरचा स्वर किल्लीने आणि खालचा स्वर थांब्याच्या स्क्रूने जुळवला जातो. काही प्रकारांत दोहोंच्या मध्ये आणखी एक थांबा बसवण्याची सोय असते.

### ताणातील बदल

तारेची लांबी आणि जाडी तीच राहिल्यास कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून स्वरात थोडी उतरण झाली तरी ताणात बरीच घट होते.

| मोकळ्या तारेचा स्वर | कंपनसंख्या (हर्ट्झ) | मूळ ताणाच्या तुलनेत |
|---|---|---|
| ई | ४१.२० | १०० टक्के |
| ई फ्लॅट | ३८.८९ | सुमारे ८९ टक्के |
| डी | ३६.७१ | सुमारे ७९ टक्के |
| डी फ्लॅट | ३४.६५ | सुमारे ७१ टक्के |
| सी | ३२.७० | सुमारे ६३ टक्के |
| बी | ३०.८७ | सुमारे ५६ टक्के |

‘डी’वर आलेल्या तारेचा ताण सुमारे एकपंचमांशाने कमी झालेला असतो, तरीही ती बहुधा समाधानकारक वाजते. ‘सी’ किंवा ‘बी’वर उतरवलेली नेहमीच्या जाडीची तार सैल पडून पडद्यांवर खरखरते आणि तिचा स्वर अस्पष्ट होतो. ड्रॉप ट्यूनरचा व्यवहारातील उपयोग प्रामुख्याने एक किंवा दोन अर्धस्वरांच्या उतरणीपुरता राहिला, त्याचे कारण हेच आहे.

## वादनातील परिणाम

तार ‘डी’वर आल्यावर तिच्यावरील सर्व स्वर दोन पडदे वर सरकतात. ‘ई’ हा स्वर दुसऱ्या पडद्यावर मिळतो आणि एरवी तिसऱ्या पडद्यावर असलेला ‘जी’ पाचव्या पडद्यावर जातो. उरलेल्या तीन तारांवर काहीही बदलत नाही. वादकाला खालच्या तारेपुरती बोटांची सवय बदलावी लागते आणि एकाच गीतात दोन्ही जुळण्या वापरायच्या असतील, तर हा बदल डोक्यात पक्का असावा लागतो.

या जुळणीत खालच्या दोन तारांमध्ये षड्ज-पंचमाचे अंतर येते. त्यामुळे एकाच बोटाने दोन्ही तारा दाबून पंचमयुक्त स्वरजोडी वाजवता येते. हेवी मेटल व तत्सम रॉक संगीतात ड्रॉप डी जुळणी लोकप्रिय होण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. तरफ डाव्या हाताने फिरवावी लागत असल्याने ती मोकळ्या तारेच्या किंवा विरामाच्या वेळी फिरवतात. वाजत असलेल्या मोकळ्या तारेवर तरफ फिरवल्यास स्वर मींडेसारखा खाली घसरतो आणि काही वादक त्याचा हेतुपूर्वक वापर करतात.

## निवड

ड्रॉप ट्यूनर अनेक मापांत व आकारांत मिळतो. एका वाद्यावर नेमका बसणारा प्रकार दुसऱ्यावर बसेलच असे नाही. खरेदीपूर्वी जुनी खुंटी काढून पुढील बाबी व्हर्नियर कॅलिपरने मोजणे इष्ट ठरते.

* माथ्याची मांडणी व बाजू : काही वाद्यांवर चारही खुंट्या एका रांगेत असतात, तर काहींवर दोन्ही बाजूंना दोन-दोन असतात. ड्रॉप ट्यूनर डाव्या व उजव्या बाजूंसाठी वेगवेगळा बनतो. उलट्या माथ्याच्या आणि डावखुऱ्या वाद्यांसाठी बाजू बदलते.
* भोकाचा व्यास : बेस गिटारच्या माथ्यावरील भोकाचा व्यास निर्मात्यानुसार व काळानुसार बदलतो आणि बहुतेकदा अर्धा ते पाऊण इंच यांदरम्यान असतो. दांडा व त्याभोवतीचे बुशिंग या व्यासाला जुळणे आवश्यक असते.
* तळपट्टी व स्क्रूंच्या जागा : जुन्या धर्तीच्या उघड्या खुंट्यांना मोठी तळपट्टी व बहुधा चार स्क्रू असतात. बंद डबीच्या आधुनिक खुंट्यांना लहान तळपट्टी असते. मूळ स्क्रूंच्या भोकांत बसणारा प्रकार निवडल्यास नवी भोके पाडावी लागत नाहीत.
* माथ्याची जाडी : जाडीच्या मानाने दांडा पुरेसा उंच नसल्यास तारेला वेढे देण्यास जागा उरत नाही.
* शेजारची जागा : तरफ उघडल्यावर ती शेजारच्या खुंटीला किंवा माथ्याच्या कडेला टेकता कामा नये. वाद्याच्या पेटीतही तिला जागा हवी.
* किल्ली फिरण्याची दिशा : काही जुन्या खुंट्यांमध्ये किल्ली उलट दिशेने फिरते. उरलेल्या तीन खुंट्यांशी दिशा जुळली नाही, तर जुळवताना गोंधळ होतो.
* वजन : ही खुंटी साध्या खुंटीपेक्षा जड असते. ज्या वाद्याचा माथा मुळातच खाली झुकतो, तेथे हा दोष वाढतो. हलक्या धातूच्या खुंट्या हा त्यावरचा एक उपाय आहे.

माथा नसलेल्या, म्हणजे ज्यांत तारा ब्रिजच्या बाजूने जुळवल्या जातात अशा बेस गिटारवर ही खुंटी बसवता येत नाही.

## बसवण्याची पद्धत

### जुनी खुंटी काढणे

तार पूर्ण सैल करून काढल्यानंतर माथ्याच्या मागील स्क्रू काढले जातात. समोरचे बुशिंग दाबून बसवलेले असल्यास ते मागील बाजूने लाकडी गुल्लीने हळूहळू ढकलून काढतात. पक्कडीने ओढल्यास भोकाभोवतीच्या रंगाचे टवके उडण्याचा संभव असतो. जुनी खुंटी, बुशिंग व स्क्रू जपून ठेवल्यास वाद्य पुढे मूळ स्थितीत आणता येते. जुन्या व मौल्यवान वाद्यांच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे.

### जागेची पडताळणी

स्क्रू न लावता नवी खुंटी भोकात बसवून तरफ दोन्ही स्थितींत फिरवून पाहिली जाते. दांडा बुशिंगमध्ये सहज फिरला पाहिजे, पण डुलता कामा नये. भोक मोठे असल्यास जोड-बुशिंग वापरतात. भोक लहान असल्यास ते रीमरने थोडे थोडे रुंद करतात. या कामासाठी मोठे ड्रिल वापरल्यास ते लाकडात अडकून माथा चिरण्याची आणि रंग उखडण्याची शक्यता असते.

### स्क्रूंची भोके

जुनी भोके जुळत नसतील, तर ती कठीण लाकडाच्या बारीक काड्या व लाकडाचा गोंद यांनी भरून सुकू देतात. नव्या जागा खुणावून स्क्रूच्या गाभ्याइतक्या व्यासाचे बारीक भोक पाडले जाते. ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टीने खोलीची खूण केल्यास भोक माथ्याच्या आरपार जात नाही. स्क्रूच्या आट्यांना साबण किंवा मेण लावून तो हाताने पिळतात. मेपलसारख्या कठीण लाकडात बारीक भोक न पाडता स्क्रू पिळल्यास त्याचे डोके तुटते.

माथ्यात चुकीच्या जागी पाडलेले भोक भरता येते, पण त्याची खूण राहते. जाणकार कारागीर प्रायः मोठ्या शहरांतच मिळतात. नंदुरबार जिल्ह्यातील खांडबाऱ्यासारख्या गावात राहणाऱ्या वादकाला अशा चुकीच्या दुरुस्तीसाठी वाद्य दूरवर न्यावे लागू शकते. म्हणूनच भोके पाडावी न लागणारी खुंटी थोडी महाग असली, तरी अनेकदा तीच सोयीची ठरते.

### तार चढवणे

बेसच्या गुंडाळलेल्या तारेचे टोक कापण्याआधी ते काटकोनात वाकवतात. न वाकवता कापल्यास आतल्या गाभ्यावरचे वेटोळे सैल होऊन तार निकामी होऊ शकते. दांड्यावर वरून खाली जाणारे दोन ते तीन नीट वेढे पुरेसे असतात. वेढे जास्त किंवा एकमेकांवर चढलेले असल्यास तरफ फिरवल्यावर ते वेगवेगळे सैल होतात आणि स्वर दरवेळी थोडा निराळा येतो. नवी तार हाताने ताणून व पुन्हा जुळवून स्थिर केल्याखेरीज थांबे निश्चित करण्यात अर्थ नसतो.

### थांबे जुळवणे

प्रथम तरफ बंद ठेवून किल्लीने तार ‘ई’ला जुळवली जाते. मग तरफ उघडून थांब्याच्या स्क्रूने ‘डी’ जुळवतात. तरफ पुन्हा बंद करून ‘ई’ तपासला जातो व फरक आढळल्यास किल्लीने दुरुस्त केला जातो. दोन्ही स्वर स्थिर येईपर्यंत हा क्रम दोन-तीनदा करावा लागतो. तरफ उघडी असताना किल्ली फिरवल्यास दोन्ही स्वर एकदम बदलतात. नवख्या वादकांकडून ही चूक वारंवार होते.

## स्वर स्थिर न राहण्याची कारणे

तरफ फिरवूनही स्वर नेमका येत नसल्यास दोष बहुधा खुंटीत नसून नटमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीमध्ये असतो. नटची खाच अरुंद असल्यास तार तिच्यात अडकते. अशा वेळी ‘ई’वर परतताना स्वर थोडा उतरलेला राहतो आणि तार खाचेतून सरकल्यावर अचानक चढतो. खाच तारेच्या जाडीइतकी रुंद व गुळगुळीत करणे आणि तिच्यात पेन्सिलीच्या शिशाची पूड भरणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

एका तारेचा ताण कमी झाल्याने मानेवरील एकूण ओढही कमी होते. मान किंचित मागे येते आणि उरलेल्या तीन तारा अगदी थोड्या चढू शकतात. मान ताठ असल्यास हा फरक जाणवत नाही.

सैल तारेची आंदोलने रुंद असतात. त्यामुळे वाद्याची मांडणी, म्हणजे तारांची उंची व मानेचा बाक, ‘डी’ स्वराच्या स्थितीत तपासली जाते. त्या स्थितीत खरखर येत नसेल, तर ‘ई’ला ती सहसा येत नाही. ०.१०५ इंचाऐवजी ०.११० इंचाची तार वापरल्यास सैलपणा कमी होतो. मात्र त्यासाठी नटची खाच रुंद करावी लागू शकते.

हवामानाचाही परिणाम होतो. खान्देशासारख्या प्रदेशात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते व हवा कोरडी असते, तर जूननंतर ती दमट होते. लाकूड ओलावा शोषते व सोडते, त्यामुळे मानेचा बाक बदलतो. अशा भागांत पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस मानेतील ट्रस रॉड आणि ड्रॉप ट्यूनरचे दोन्ही थांबे पुन्हा तपासणे उपयुक्त ठरते.

## भारतीय वाद्यांशी तुलना

रचनेच्या गरजेनुसार एकच तार बदलण्याची प्रथा भारतीय संगीतात जुनी आहे. तंबोऱ्याची पहिली तार बहुतेक रागांसाठी पंचमाला जुळवतात. मालकंससारख्या पंचमवर्जित रागात ती मध्यमाला, तर काही रागांत निषादाला जुळवली जाते. पंचम ते शुद्ध मध्यम ही उतरण एका पूर्ण स्वराची असते, म्हणजे बेस गिटारच्या ‘ई’ ते ‘डी’ या उतरणीइतकीच. षड्जाच्या ३/२ पटीवरून ४/३ पटीवर येताना कंपनसंख्या ८/९ होते आणि तारेचा ताण येथेही सुमारे एकपंचमांशाने घटतो.

दोन्हींतील फरक साधनाचा आहे. तंबोऱ्यात लाकडी खुंटी केवळ घर्षणाने जागेवर राहते आणि घोडीच्या मागील मणी सरकवून स्वर सूक्ष्मपणे लावला जातो. ही जुळणी कानाने व मैफलीच्या आधी किंवा दोन रागांच्या मध्ये केली जाते. ड्रॉप ट्यूनरमध्ये जुळणीचे काम आधीच होऊन थांब्यांच्या रूपाने यंत्रात साठवलेले असते. सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंबोरा व सतार घडवण्याचे एकोणिसाव्या शतकापासूनचे केंद्र आहे. मिरजेची सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

## मर्यादा व पर्याय

ड्रॉप ट्यूनर एका तारेवर खालचे एकदोन स्वरच वाढवतो. खालच्या स्वरांची सतत गरज असणाऱ्या वादकांना पुढील पर्याय उपलब्ध आहेत.

* पाच तारांची बेस गिटार : खालची ‘बी’ तार कायम उपलब्ध असते व बोटांची जागा बदलत नाही. मान मात्र रुंद होते.
* बी-ई-ए-डी जुळणी : चार तारांच्या वाद्यावर जाड तारांचा संच चढवून सर्व जुळणी खाली आणली जाते. वरची ‘जी’ तार गमवावी लागते.
* हाताने उतरवणे : साध्या खुंटीनेच तार ‘डी’वर आणता येते. त्यासाठी खर्च येत नाही, परंतु गीताच्या मध्ये हा बदल नेमकेपणाने करणे कठीण असते.
* इलेक्ट्रॉनिक पेडल : सर्व तारांचा ध्वनी एकाच वेळी खाली सरकवला जातो. ध्वनीत थोडा विलंब किंवा कृत्रिमता जाणवू शकते.

सहा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारसाठी ‘डी-ट्यूना’ हे असेच एक साधन आहे. ते एडी व्हॅन हेलन यांच्या नावाशी निगडित असून फ्लॉइड रोझ पद्धतीच्या ब्रिजवर बसवले जाते. माथ्यावरील खुंटीशी त्याचा संबंध नसतो आणि ते बेस गिटारवर चालत नाही.

## हेही पहा

* बेस गिटार
* डबल बेस
* मशीन हेड
* तंबोरा
* मिरज